हॅल्सियन म्हणजे काय

वरसे, रोहा
२० नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार करते. तुमचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण माझे पाय. सातवा संपत आला आणि संध्याकाळपर्यंत ते खांबासारखे होतात. डॉक्टर म्हणाल्या मीठ कमी खा. मिठागरवाल्यांच्या घरात मला दिलं आणि आता मीठच खायचं नाही, म्हणून माझी आई हसते.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहायची, हे लग्न झालं तेव्हा मला जड वाटलं होतं. आता सवय झाली. प्रणितच्या वाटणीचंही मीच लिहिते. "आत्याला सांग, मी बरा हाय," एवढंच तो बोलतो. कंपनीत त्याची शिफ्ट बदलली आहे, त्यामुळे घरी कमी असतो.

एक विचारायचं होतं. "हॅल्सियन" म्हणजे काय? एका ठिकाणी लिहिलेलं बघितलं. मोबाइलवर शोधलं तर एक हॉटेल आलं, झोपेची गोळी आली, पक्ष्याचा फोटो आला. पक्षी, गोळी आणि हॉटेल यांचा एकमेकांशी काय संबंध ते कळेना. प्रणित म्हणाला, आत्याला विचार, तिला सगळ्या देशांचे देव ठाऊक आहेत. नाव चांगलं आहे की वाईट, एवढं लिहा. लवकर लिहा.

तुमची
भाविका


धरमतर, ता. पेण
२५ नोव्हेंबर २०२४

भाविका,

तुला आणि पोटातल्याला आशीर्वाद. पत्र शनिवारी मिळालं. तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेजारच्या वैशालीला मोठ्याने वाचून दाखवलं. पाय उशीवर ठेवून झोपत जा. डॉक्टरीण सांगते ते ऐक, मिठागराची अब्रू आम्ही बघून घेऊ.

तुझ्या प्रश्नासाठी आज पेणला वाचनालयात जाऊन आले. ग्रीक लोकांच्या कथांचं एक जाड पुस्तक तिथे आहे. कार्डावर नेणाऱ्यांच्या सह्या आहेत त्यात चार माझ्या, बाकी कोणाचीच नाही.

तर हे मुळात एका बाईचं नाव. अल्सियोनी. तिचा बाप वाऱ्यांचा राखणदार होता. सगळे वारे त्याच्या गुहेत कोंडलेले, हवा तेव्हा सोडायचे. या बाईचा नवऱ्यावर फार जीव. मधलं बरंच आहे ते सोडून देते, रागलोभ तिकडच्या देवांनाही आपल्यासारखेच. शेवटी देवांनी दोघांना पक्षी केलं. तो पक्षी म्हणजे आपला खंड्या, निळा, लांब चोचीचा. ती लोकं समजायची की ही खंड्याची मादी भर थंडीत समुद्राच्या पाण्यावरच घरटं करते. अंडी फुटेपर्यंत तिचा बाप वारे बांधून ठेवतो. डिसेंबरात सर्वांत लहान दिवस येतो, त्याच्या आधीचे सात आणि नंतरचे सात, असे चौदा दिवस समुद्र तेलासारखा. त्यांना ते अल्सियोनीचे दिवस म्हणायचे. त्यावरून पुढे हॅल्सियन म्हणजे शांत, सुखाचं, असाच अर्थ झाला. म्हणून हॉटेलला, म्हणून झोपेच्या गोळीला. शास्त्रज्ञांनी आपल्या खंड्याच्या लॅटिन नावातही तेच घातलंय. कृत्तिकांमधल्या सर्वांत ठळक ताऱ्यालाही अल्सियोनी म्हणतात, पण ती त्याच नावाची दुसरी बाई आहे, असं पुस्तकात तळटिपेत आहे.

आपल्याकडचा खंड्या पाण्यावर घरटं करत नाही. बांधाच्या मातीत बीळ करतो. गोविंदा मिठागराच्या बांधावर राखण करतो, तो या पक्ष्याला रोज शिव्या घालतो.

आणि शांत पाण्यासाठी आपल्याला कुठल्या बापाची गरज नाही. अष्टमीच्या पुढेमागे चार दिवस भांग असतोच, पाण्याला जोर नसतो. भरती येते ती दमल्यासारखी, ओहोटी जाते ती आळसावून. पुनवेला, अवसेला उधाण. तू डोंगराकडची, तुला हे नवीन, म्हणून लिहिलं.

आता मी विचारते. हे नाव बाळासाठी पाहताय ना? मला सरळ विचारलं असतंस तरी चाललं असतं. नाव वाईट नाही. पण मुलगी झाली तर शाळेत तिला काय काय म्हणतील याचा विचार करा. आणि बारशाला नाव ठेवायचा मान तिच्या आत्याचा, म्हणजे प्रणितच्या बहिणीचा, दिशाचा. तिला न विचारता ठरवलंत तर ती पाळण्याच्या दोऱ्या सोडून नेईल. मी प्रणितची आत्या. माझा मान त्याच्या बारशालाच वापरून झाला.

कुठे बघितलंस हे नाव, ते लिही.

आत्या


वरसे
३ डिसेंबर २०२४

आत्या,

तुमचं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं, प्रणितला आणि आतल्याला. प्रणितला ते चौदा दिवस फार आवडले. दोनदा वाचायला लावलं. म्हणाला, "बघ, नावच चांगलं हाय. आता तरी गप झोप." मलाही बरं वाटलं. खरं सांगते, तुमचं पत्र येईपर्यंत मला झोप नव्हती.

बाळाच्या नावाचं अजून काही ठरलं नाही. दिशाताईंना विचारल्याशिवाय ठरणारही नाही. ते नाव मी एका मोठ्या गाडीवर लिहिलेलं बघितलं होतं.

प्रणित बरा आहे. थोडा काळवंडलाय. जेवतो नीट. पाय उशीवर ठेवते.

भाविका


धरमतर
११ डिसेंबर २०२४

भाविका,

हे पत्र प्रणितच्या समोर वाचू नकोस. आधी एकटीने वाच.

गोविंदा आठ-दहा दिवस माझ्या दारावरून मान खाली घालून जात होता. मला वाटलं त्याची कंबर धरली. काल मी त्याला बोलावून तेल दिलं, तर तो ओट्यावर बसून रडायला लागला. म्हणाला, "पुतळी, माझ्याच्यानं नाय होत गो. प्रणित बार्जवर लागलाय. तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीय."

मी विचारलं, कुठली बार्ज. त्याने नाव सांगितलं.

तुझी ती मोठी गाडी.

मी तुला दोष देत नाही, आधी ते लिहिते. प्रणित पाच वर्षांचा असल्यापासून शाळेसाठी माझ्याकडे राहिला. आम्हाला मूल नव्हतं. त्याला पोहायला ह्यांनीच शिकवलं, बार्ज जातात त्याच खाडीत. ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली तेव्हापासून मी जेट्टीच्या रस्त्याला गेलेली नाही. पेणला जायचं तर लांबच्या रस्त्याने जाते. हे प्रणितला माहीत आहे.

आता मी सोडलेलं मधलं सांगते. अल्सियोनीचा नवरा जहाजावरून जायला निघतो. ती त्याला म्हणते, जाऊ नको, मी वाऱ्याच्या घरातली आहे, वारा काय करतो ते मी लहानपणापासून बघितलंय. तो ऐकत नाही. जहाज बुडतं. तिला कळत नाही. ती रोज त्याच्यासाठी देवाकडे मागणं मागते, त्याचे परत आल्यावरचे कपडे काढून ठेवते. मेलेल्या माणसासाठी रोज मागणं आलेलं देवालाच बघवेना, तेव्हा तिच्या स्वप्नात नवरा पाठवला, ओल्या केसांचा. सकाळी ती किनाऱ्यावर गेली, तर लाटेबरोबर तोच येत होता. तिने पाण्यात उडी घेतली. मग देवांना दया आली आणि मग ते पक्षी वगैरे.

हे मी तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू बाळासाठी विचारतेस. पोटुशीला असलं कोण लिहील? हॉटेलवाल्यांनी जे केलं तेच मी केलं. नावातलं गोड तेवढं काढून दिलं.

मला खरं सांग. तो कधीपासून जातो? कंपनीचं काय झालं? कोणत्या कामावर आहे?

आत्या


वरसे
१६ डिसेंबर २०२४

आत्या,

पत्र एकटीनेच वाचलं. मग आईला वाचायला दिलं, कारण मला पुढचं दिसेना.

सगळं सांगते. दिवाळीच्या आधी त्याची कंपनी बंद झाली. गेटवर कागद लावला होता. महिनाभर तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि कामं विचारत फिरायचा. मग ओळखीच्या एकाने बार्जवर खलाशाचं काम आहे म्हणून सांगितलं. तो बघायला गेला आणि तिथून मला फोटो पाठवला. लाल रंगाची, माल वाहणारी सपाट बार्ज आणि पुढे पांढऱ्या अक्षरात ते नाव. मला पाण्याचं काहीच कळत नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे भातखाचरातलं, घोट्याएवढं. पुंडलिककाका बार्जवरच गेले, हे ऐकलेलं होतं. मी त्याला जा म्हणत नव्हते आणि जाऊ नको म्हणायलाही धजत नव्हते. तेव्हा मी मनात ठरवलं, आत्यांना नावाचा अर्थ विचारायचा. त्यांनी चांगला सांगितला तर हो म्हणायचं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर झाला.

आत्या, मी तुमच्यापासून लपवलं, ती माझी चूक. पण तुम्ही मला अर्धं सांगितलंत. मी त्या अर्ध्यावर नवरा पाठवला. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

आता प्रणितला सगळं कळलंय. तो चिडला नाही. उलट मला समजावत होता. म्हणाला, नावाने काय होतं, गावात पाच लक्ष्म्या आहेत आणि त्यातल्या दोघींकडे गॅसचा सिलिंडर नाही. पाण्याचं मात्र तो मानतो. म्हणाला, काका गेले ते उधाणात गेले, पाण्याच्या जोराने ओढले गेले. मी उधाणाला जपून राहीन. तुम्ही लिहिलेल्या अष्टम्या त्याने कॅलेंडरवर गोल करून ठेवल्यात. येत्या सोमवारी अष्टमी आहे, आणि तुमचे ते चौदा दिवसही चालूच आहेत. त्यामुळे या आठवड्यात त्याने दुसऱ्या एका खलाशाची पाळीही स्वतःकडे घेतली आहे. म्हणतो, शांत पाण्यात जास्त काम करून घेतो आणि उधाणात घरी राहतो.

हे ऐकून तुम्हालाही जरा बरं वाटेल म्हणून लिहिलं.

भाविका


धरमतर
२० डिसेंबर २०२४

भाविका,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. पोस्टाने उत्तर पाठवलं तर सोमवारनंतर पोचेल, म्हणून गोविंदाला उद्या सकाळच्या गाडीने रोह्याला पाठवते. त्याला चहा दे, पण आधी हे वाच.

ते उधाणात गेले नाहीत.

ते माघ वद्य अष्टमीला गेले. वारा नव्हता. पाणी इतकं निवांत होतं की त्यात जेट्टीचे खांब उभेच्या उभे दिसत होते. मला हे ठाऊक आहे कारण मी जेट्टीवर पोचले तेव्हाही ते तसंच होतं.

त्या सकाळी त्यांची दाढ दुखत होती. एका बाजूचा गाल फुगला होता. म्हणाले, आज जात नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. घरात तिथ्या बघायचं काम माझं, त्यांना वाचता कमी यायचं. मी म्हटलं, "आज अष्टमी हाय. पाणी मेलेलं. आज काय होतंय? जावा, उद्या पेणला दाढ दाखवू." त्यांनी फडकं बांधलं आणि गेले.

भांगाला खाडीत पाणी कमी चढतं, हे मला माहीत होतं. पण त्याचा बार्जशी काय संबंध ते मी कधी मनात आणलं नव्हतं. आम्ही मिठागरातली माणसं. उधाण म्हणजे आमचा बांध फुटणार, भांग म्हणजे आज झोप. आम्हाला पाणी तेवढंच कळतं. भरलेली बार्ज कमी पाण्यात वळणावरच्या गाळाला टेकते. मग थांबायचं असतं. थांबायचं नसेल तर टग, म्हणजे ओढणारी छोटी बोट, लावून ओढतात. ओढताना दोर ताणतो. तो दोर तुटला आणि त्यांना लागला. पाण्यात पडले ते नंतर. पाण्याने काही केलं नाही.

तेव्हा प्रणित रोह्याला आयटीआयच्या वसतिगृहात होता. तो आला तेव्हा त्याने विचारलं, पाण्याला जोर होता का? मी व्हय म्हटलं. का म्हटलं ते आज सांगते. नाय म्हटलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, मग काका दुखणं घेऊन कामावर का गेला. त्यानंतर जो विचारी त्याला मी तेच सांगत गेले. वैशालीलाही हेच ठाऊक आहे. आठ वर्षं मी त्या खाडीवर नसलेला दोष ठेवला.

पुस्तकातली ती बाई नवऱ्याला जाऊ नको म्हणाली होती. मी माझ्या नवऱ्याला जा म्हणाले. म्हणून ती गोष्ट मी चार वेळा वाचनालयातून आणली, पहिल्यांदा पूर्ण वाचली आणि नंतर तिन्ही वेळा मधलं पान आलं की पुस्तक मिटलं. ज्याने ती लिहिली त्याला वाटतं, वारा थांबला की सगळं निभावलं. तो बार्जवर चढलेला दिसत नाही.

प्रणितला कळव. आजच. सोमवारची पाळी घेऊ नको म्हणावं. निदान दोर ओढताना पुढे उभा राहू नको म्हणावं. मी अर्धं सांगितलं असं तू लिहिलंस ते बरोबर आहे. हे उरलेलं.

आत्या


धरमतर
२६ डिसेंबर २०२४

भाविका,

गोविंदा पत्र देऊन आला. म्हणाला, सुनेनं चहा दिला, बिस्किटं दिली, पत्र वाचून आत गेली ती बाहेर आली नाय. त्यापुढे काही नाही.

मंगळवारी वैशालीच्या फोनवरून तिला तुला फोन करायला लावलं. तू तिला म्हणालीस, सगळं बरं आहे. वैशालीने मला ते ओरडून सांगितलं. हे गेले त्या दिवशी जेट्टीवरून जो माणूस मला बोलवायला आला होता तोही हेच म्हणत होता, "सगळं बरं हाय, तू फक्त चल."

मी जेवते. वाचायला घेतलं तर ओळ पुढे सरकत नाही. काल मिठागराच्या बांधावर उभी राहून बघितलं, दोन बार्ज गेल्या, एक लाल होती. एवढ्या लांबून माणसं मुंग्यांएवढी. एकूण चार मोजली. तो त्यांच्यात होता का?

मला एक ओळ लिही. रागाची असली तरी चालेल.

आत्या


वरसे
२९ डिसेंबर २०२४

आत्या,

मी प्रणित. भाविका बरी आहे, रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. तू काळजी करशील म्हणून तिने वैशालीकाकीला सांगितलं नाही. आता उतरलाय. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

गोविंदामामा पत्र घेऊन आला तेव्हा मी बार्जवर होतो. भाविकाने फोनवर सगळं पत्र वाचून दाखवलं. मी मध्येच फोन ठेवला. मला राग आला होता. तुझ्यावर नाही. नक्की कोणावर ते अजून कळत नाही.

सोमवारी आम्ही भरलेली बार्ज घेऊन आत येत होतो. तू लिहिलंस तसंच झालं, वळणावर टेकली. सारंगाने, म्हणजे आमच्या बार्जच्या मुख्याने, टग बोलावली. मी सारंगाला म्हटलं, पाणी येऊ द्या, मग निघेल. तो म्हणाला, का रे, घाई नाय का तुला घरी जायची? मी म्हटलं आज अष्टमी आहे. सगळे हसले. एक जण म्हणाला, "प्रणितरावांच्या आत्यानं पंचांग पाठवलंय." मला पुढे जाऊन दोर बघायला सांगितलं. मी गेलो नाही. पहिल्यांदाच कोणाला सरळ नाही म्हटलं. दुसरा गेला. दोर करकरत होता. मी त्या माणसाकडे बघत उभा होतो. दहा मिनिटांनी बार्ज सुटली. काही झालं नाही.

तेव्हापासून मला भित्रा म्हणतात. सारंग म्हणाला, परत असं केलंस तर येऊ नको. म्हणजे तू बरोबर होतीस का, हे मला कळलंच नाही. आणि माझ्या जागी जो गेला त्याच्या घरी दोन पोरी आहेत.

आत्या, मी काम सोडणार नाही. दुसरं मिळेपर्यंत तरी नाही. फेब्रुवारीत बाळ येईल. तू रागाव, पण हे आधी सांगतो.

मी मागे जाऊन उभा राहिलो होतो, पण मागेही दुसरा दोर होता. म्हणजे कुठे उभं राहायचं ते मला ठाऊकच नाही. तिथे शिकवत कोणी नाही. काकाचं विचारलं की एक म्हणतो तो नको तिथे उभा होता, दुसरा म्हणतो त्याचं लक्ष नव्हतं. तुला माहीत असेल तर सांग. काका नेमका कुठे उभा होता? दोर कुठून आला? तुला त्रास होईल हे माहीत आहे. तरी विचारतो.

सात तारखेला, मंगळवारी सकाळी पुन्हा बार्जवर जायचं आहे. तोपर्यंत घरी आहे.

प्रणित


धरमतर
२ जानेवारी २०२५

प्रणित,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे वर चढत जाते. भाविकाला म्हणावं, पडून राहा, पत्र लिहायला उठू नको.

काम सोड असं मी लिहिणार होते. तसं लिहून झालं होतं, ते फाडलं. मी जा म्हटलं तेव्हा एक माणूस गेला. आता मी नको म्हटल्याने तू थांबणार नाहीस, फक्त मला न सांगता जाशील. ते मला चालणार नाही. तू विचारलंस त्याचंच उत्तर देते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर शिवा आला होता. तो त्यांच्याबरोबरचा खलाशी, त्या दिवशी तिथेच होता. पुढे गाव सोडून गेला. मी त्याला म्हटलं, मला दाखव. त्याने अंगणात दोन पाट मांडले, एक बार्ज, एक टग. मध्ये सुंभाची दोरी ओढली. मग घरातून लोटा मागितला आणि तो बार्जच्या पाटावर, पुढच्या टोकाला, दोरीच्या अगदी रेषेत ठेवला. म्हणाला, "पुंडलिकभाऊ इथं."

पुढच्या बाजूला दोर गुंडाळायचा लोखंडी खुंटा असतो ना, त्याच्या मागे दोन पावलांवर. दोर ताणला की खुंट्यावर घासून तापतो, धूर निघतो. म्हणून त्यावर पाणी ओतायला एक माणूस उभा करतात. ह्यांच्या हातात बादली होती. दुसऱ्या हाताने गाल धरला होता. शिवा म्हणाला, सारंगानेच सांगितलं होतं, पुंडलिक, तू दुखण्याचा आहेस, ओढायला नको, तू नुसतं पाणी ओत. म्हणजे हलकं काम म्हणून दिलं होतं. बार्जवाल्यांच्या कागदावर लिहून आलं, स्वतःच्या चुकीने नको त्या जागी उभा. ते खोटं आहे. त्यांना तिथे उभं केलं होतं. त्यांचं लक्षही होतं. फक्त तिथून हलायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

दोर टगच्या बाजूला तुटला. तुला वाटेल, तुटलेला दोर पाण्यात पडतो. पडत नाही. सगळा ताण घेऊन उलटा येतो. शिवाने दोरी सोडून दाखवली. ती सरळ मागे आली नाही, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे फिरली, चाबकासारखी. लोटा पडला. शिवाने तीनदा दाखवलं. मीच सांगितलं होतं, पुन्हा दाखव.

तेव्हा आता नीट वाच. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही. रेषेच्या बाजूला दोन हात सरकून भागत नाही, तो फिरतो. खुंट्यावर दोर वळलेला असेल तर त्या वळणाच्या आतल्या बाजूला कधीच जायचं नाही. दोर करकरायला लागला की हातातलं टाकून केबिनच्या आड जायचं, लोखंडाच्या मागे, आणि टग थांबेपर्यंत बाहेर यायचं नाही. पाणी ओतायला सांगितलं तर दोर ढिला असताना ओतायचं आणि मागे यायचं. मागे दुसरा दोर असेल तर तोही ताणलेला आहे का बघायचं. यातलं पहिलं मला शिवाने सांगितलं, बाकीचं मी ती दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघितल्यावर कळलं.

हे एकट्याने पाळलंस तर ते तुला हसतील. हसू दे. पण ज्याच्या घरी दोन पोरी आहेत त्याला हे सांग. तो हसला तरी सांग. सारंगालाही सांग, सहा तासांत पाणी परत चढतं. थांबून आजवर कोणी मेलं नाही.

हे पत्र खिशात घेऊन जाऊ नकोस, भिजेल. पाठ कर. भाविकाला दोन पाट मांडायला सांग आणि लोटा कुठे ठेवायचा नाही ते तिला दाखव, म्हणजे तिलाही कळेल तू कुठे उभा आहेस.

मंगळवारी अष्टमी आहे. म्हणून हे आजच पेटीत टाकते. काही कळलं नाही तर विचार. मी इतकी वर्षं तोंड मिटून होते, आता तू जितक्या वेळा विचारशील तितक्या वेळा सांगेन.

आत्या